डावीकडची

माझी यादी अजून शाबूत आहे.
एकशे बारा नोंदी, शुद्धलेखन तपासलेलं,
प्रत्येकीखाली गाव, तारीख, जागा:
कोपार्डे, देवराईच्या कडेला, रोयणीवर.
चरावणे, कुजक्या फणसाच्या बुंध्यापाशी.
आणि प्रत्येकीच्या वर
एक राखाडी चौकोन,
त्यात कोपरा फाटलेल्या कागदाचं चित्र,
नखाएवढं.

वाळपईच्या बाजारात माझं औषधाचं दुकान.
आषाढ उतरला की पानांत बांधलेली अळमी यायची
आणि दोनेक दिवसांत कोणीतरी काउंटरला,
पोट धरून.
म्हणून सुरू केलं हे.
आठ पावसाळे गुडघ्यांवर बसून,
जळवांना त्यांचा वाटा देत
एकेकीचा फोटो काढला. वरून, बाजूने, उलटी करून.

फोटो जड. माझी जागा लहान.
फुकट ठेवून घेतो, म्हणाली कुठलीशी कंपनी.
मी दिले,
शेजारणीच्या अंगणात वाळवण टाकावं तसे,
शेजारीण कोण हे न विचारता.
मग फोन भरला म्हणून मूळ पुसून टाकले.
कंपनीला शिव्या घालताना
हे वाक्य मी गाळतो.

त्यांनी कळवलं होतं म्हणे, तीनदा.
लॉटरी लागल्याच्या पत्रांच्या ढिगाखाली
नंतर सापडलं: अमुक तारखेपासून डॉलर,
नाहीतर दार बंद.

गुरुवारी संध्याकाळी थिवीहून फोन.
कुणी सुहासिनी नाटेकर.
"तुमची यादी समोर उघडलीय. छान लिहिलंय हो.
'या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात.
डावीकडची ताटातली,
उजवीकडची तिरडीवरची.'
पण डावीकडं काही दिसत नाही.
उजवीकडंही नाही."

त्या वाक्यावर मी किती खूश होतो.
दुकानात येणाऱ्यांना वाचून दाखवलं होतं.

तिच्यामागे कांदा परतल्याचा आवाज येत होता.
गॅस बंद करा, मी म्हटलं.
"पाचशेची आहेत."
बंद करा.
"मग तुम्हीच सांगा ना, कशी असते डावीकडची?"

पांढरी, मी म्हटलं. म्हणजे अगदी पांढरी नव्हे.
टोपी जरा... देठाशी थोडी...
आणि थांबलो.
जे जे सांगत होतो
ते सगळं उजवीकडचीलाही लागू होत होतं.
आठ वर्षं बघत होतो की
नुसता बटण दाबत होतो?

कढई उतरल्याचा आवाज आला.
मग तिने फोन ठेवला, निरोप न घेता.
टाकली का, कळलं नाही.
शुक्रवारी, शनिवारी
दर गिऱ्हाईकाकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं.

फोटोंत सगळीकडे एक हात होता, मापासाठी.
अनसूया झर्मेकरचा.
वाकडी करंगळी, अंगठ्याखाली कोयत्याचा वण.
तोही गेला, एकशे बारा वेळा.

भादवा लागल्यावर तिच्याकडे गेलो.
ओसरीवर नारळाची चुडतं विणत होती,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं.
सगळं सांगितलं. कंपनी, डॉलर, राखाडी चौकोन.
तिने अर्धंच ऐकलं.
"हात गेलो म्हणटा? हात हांगा आसा मरे."

डावीकडची कशी ओळखतेस, विचारलं.
हुंगून, म्हणाली. मग थोड्या वेळाने:
"पूण आतां नाक पयलेंचें उरूंक ना.
औंदा खाल्लींच नात हांवें."

मी फोन काढला.
तिने सवयीने तळवा पुढे धरला.
त्यावर ठेवायला काही नव्हतं,
हंगाम सरला होता.

तेवढा एक फोटो आहे आता.
साखळीला जाऊन कागदावर छापून आणला,
थर्मामीटरच्या खोक्याला टेकवून ठेवलाय.
गिऱ्हाइकं विचारतात, कोणाचा हात?

रात्री शटर ओढल्यावर
यादी उघडून बसतो, बहिणींचं वाक्य खोडतो,
आणि एकेका चौकोनाखाली लिहितो:
चित्र नाही. खाऊ नका.
चौसष्टाव्यापर्यंत आलोय.